बरं वाटायला लागल्यावर
(प्रस्तावना)

पालखी मुक्कामाला असते त्या रात्री अंथुर्ण्यात फारसं कुणी झोपत नाही. तुकोबारायांची पालखी सणसर सोडते, बेलवाडीला गोल रिंगण होतं आणि पुढे ती आमच्या गावात येते. दारोदारी भाकरीच्या चवडी लागतात, पाण्याचे टँकर उभे राहतात, मोकळ्या जागा राहुट्यांनी भरून जातात आणि टाळ-मृदंग पहाटेपर्यंत थांबत नाही. अशा रात्री जागणाऱ्या माणसाला आजारी कोण म्हणेल? माझा थोरला भाऊ त्या आषाढात सलग पाच रात्री जागला. पालखीच्या आधी तीन, पालखीची एक आणि पालखी निमगाव केतकीकडे निघून गेल्यावर आणखी एक. पाणी वाटताना त्याची धावपळ बघून लोक कौतुक करत होते. सहाव्या दिवशी त्यानं पुढच्या वर्षापासून सगळ्या दिंड्यांना आपण जेवण घालणार असं पारावर जाहीर केलं, उसाच्या बिलाचे घरात आलेले पैसे मंडपवाल्याला इसार म्हणून देऊन टाकले आणि अडवायला गेलेल्या आईवर हात उगारला. त्या दिवसापर्यंत दादानं आईपुढे आवाजसुद्धा चढवला नव्हता.

घरात कुणी म्हणालं वारं भरलंय, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. त्याच्या आदल्या वर्षी तोच दादा तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता, रानात पाऊल टाकत नव्हता, तेव्हा अशक्तपणा म्हणून त्याला सलाईन लावली होती. पालखीतला उन्माद आणि आदल्या वर्षीची उदासी ही दोन्ही एकाच आजाराची रूपं आहेत हे आम्हांला कळायला पुढे दोन वर्षं गेली. पुस्तकात याला द्विध्रुवीय मनोविकार म्हणतात. आमच्याकडे आता सगळे ‘बायपोलर’च म्हणतात आणि मीही इथे तेच म्हणणार आहे.

ही पुस्तिका त्या आजाराच्या औषधांविषयी आहे. आजार का होतो, मनाचं सामर्थ्य कसं वाढवावं यावर मराठीत आता बरंच वाचायला मिळतं, आणि ते हवंच. पण गोळी घरी आल्यावर तिचं काय करायचं हे सांगणारं फार थोडं आहे. पुडीवर फक्त सकाळ-दुपार-रात्र लिहिलेलं असतं. ती गोळी पुढे वीस-तीस वर्षं ज्या घरात राहणार, त्या घराला तिचा स्वभाव माहीत नसतो. उसाला खताचा कुठला डोस कधी द्यायचा, पाण्याची पाळी चुकली तर काय होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आपल्या माणसाच्या औषधाची माहिती घरात तितकीच पाठ असावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

औषध लागू पडतं, माणूस उठतो, रानात जातो, हसतो-बोलतो, आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, आता बरा आहेस की, कशाला त्या गोळ्या? आमच्या घरात हे वाक्य मी बोललो होतो. दादानं ऐकलं. चार महिन्यांत तो पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत होता, आणि त्या खेपेला वहिनी दोन्ही पोरांना घेऊन माहेरी निघून गेली होती.

दादाची गोळी लिथियमची, आणि ही चूक बायपोलरवरच्या या औषधाच्या पहिल्या रुग्णाइतकीच जुनी आहे. जॉन केड हा ऑस्ट्रेलियातला मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तो सिंगापुरातल्या चांगीच्या छावणीत जपान्यांचा युद्धकैदी होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात, वापरात नसलेल्या एका स्वयंपाकघरात, त्यानं गिनीपिगांवर प्रयोग मांडले. लिथियमचा क्षार टोचल्यावर ते शांत पडले. त्यानं तो क्षार आधी स्वतः घेऊन पाहिला आणि १९४८ च्या मार्चमध्ये एका ५१ वर्षांच्या रुग्णाला दिला. हा माणूस पाच वर्षं सतत उन्मादात होता, साऱ्या वॉर्डाला त्याचा त्रास होता. काही आठवड्यांत तो निवळला. जुलैत घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. केडनं उन्मादाच्या दहा रुग्णांचा अनुभव सप्टेंबर १९४९ मध्ये प्रसिद्ध केला आणि मानसोपचारात औषधांचं नवं युग सुरू झालं. त्या पहिल्या माणसाचं पुढे काय झालं ते मात्र फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. बरं वाटतंय म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या आणि १९४९ च्या जानेवारीत तो परत वॉर्डात आला. पुन्हा लिथियम सुरू झालं. रक्तातलं लिथियम नेमानं मोजायची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला.

गोळी सोडली तर आजार परततो, आणि मोजल्याशिवाय घेतली तर गोळीच अंगावर येते. दोन्ही गोष्टी त्या एका माणसाच्या वाट्याला आल्या. या पुस्तिकेतली जवळपास निम्मी पानं पहिलीवर आहेत, उरलेली बहुतेक दुसरीवर.

लिथियम म्हटलं की पोरं विचारतात, मोबाइलच्या बॅटरीतलं? हो, मूलद्रव्य तेच. गोळीत त्याचा कार्बोनेट क्षार असतो. गोळी स्वस्त आहे, आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि पंचाहत्तर वर्षं झाली तरी उन्माद आणि उदासी या दोन्हींची पुढची फेरी रोखण्यात तिच्या तोडीचं औषध क्वचितच आहे. आत्महत्येचा धोका लिथियमनं कमी होतो हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बायपोलरमध्ये हा धोका सर्वसामान्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, म्हणून ही एकच गोष्ट मला इतर सगळ्या गुणांपेक्षा मोठी वाटते.

पण या गोळीचा पल्ला अरुंद आहे. रक्तात ती साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावी. त्याखाली उपयोग कमी, आणि दीडच्या वर गेली की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. हा आकडा कशानं हलतो ते आमच्या भागातल्या माणसानं नीट समजून घ्यायला हवं, कारण त्याची कारणं आमच्या रोजच्या जगण्यात आहेत. मूत्रपिंडाला लिथियम आणि मिठातलं सोडियम यांतला फरक नीटसा कळत नाही. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. एप्रिल-मेच्या उन्हात ऊस बांधणीला घामानं निथळणारा माणूस, जुलाब-उलट्या झालेला, निर्जळी एकादशी धरणारा, कुणीतरी सांगितलं म्हणून अचानक मीठ बंद केलेला, वारीत पाणी न पिता चालणारा, हे सगळे त्याच वाटेवर असतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियमचा क्षार खायला मिळू लागला आणि त्यातून माणसं दगावली. त्या धसक्यानंच तिथे हे औषध मंजूर व्हायला १९७० साल उजाडलं.

दुसरं कारण मेडिकलच्या दुकानातलं. दादाचा गुडघा दुखायचा. एका दवाखान्यात त्याला आठ दिवस दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मिळाल्या. लिथियम चालू आहे हे त्यानं सांगितलं नाही आणि समोरून कुणी विचारलंही नाही. त्यातच दोन दिवस जुलाब झाले. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातला चहाचा कप बशीवर खडखड वाजायला लागला. नेहमीची बारीक थरथर आम्हांला माहीत होती, लिथियम घेणाऱ्या अनेकांना ती असते. ही तशी नव्हती. चालताना तो भिंत धरत होता, जीभ जड झाली होती. कोपऱ्यावरच्या लोकांनी त्याला बघून ‘सकाळीच टाकलीय वाटतं’ असं म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं. दादानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तोवर परत आलेल्या वहिनीनं मात्र ओळखलं. तिनं गोळी थांबवली आणि गाडी काढायला लावली. बारामतीला पोचल्यावर रक्त तपासलं, आकडा दीडच्या बराच वर होता. सलाईन लागली, दोन-तीन दिवसांत तो सावरला.

म्हणून सांगतो, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं लिथियमचं प्रमाण चढवतात. अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल त्या मानानं सुरक्षित, पण ‘साधं’ हा शब्द दुकानात मुद्दाम उच्चारावा लागतो, कारण आपल्याकडे पॅरासिटामॉलमध्ये एसिक्लोफिनॅक मिसळलेल्या गोळ्या सर्रास हातात ठेवल्या जातात. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांनी लिथियम चढतं, आणि नावाच्या शेवटी ‘एच’ लावलेल्या गोळीत बहुधा लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, त्यानं तर जास्तच. या गोळ्या कुणाला कधीच देता येत नाहीत असं नाही. देणाऱ्याला लिथियमचं माहीत हवं आणि मधे रक्त तपासायला हवं.

रक्त तपासायची रीत साधी असली तरी ती चुकते. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. दादा रात्रीची गोळी नऊला घेतो, म्हणून सकाळी नऊला रक्त. सकाळची गोळी तो शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळून नेतो आणि सुई निघाल्यावर घेतो. डोस बदलला की पाच ते सात दिवसांनी तपासणी, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, सगळं स्थिर असेल तर नंतर सहा महिन्यांनी. त्याच वेळी थायरॉइड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम. लिथियमनं काहींचं थायरॉइड मंदावतं. त्यावर रोजची एक गोळी पुरते, तेवढ्यासाठी लिथियम सोडावं लागत नाही. मूत्रपिंडाचं तसं नाही, तिथे आकडा सरकायला लागला तर डॉक्टरांशी नीट बसून बोलायला हवं. एकदा आमचा रिपोर्ट भलताच चढा आला. दादा ठणठणीत, समोर बसून भाकरी खातोय आणि कागदावर विषबाधा! डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, ट्यूबचं टोपण कुठल्या रंगाचं होतं? हिरवं होतं. हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून बऱ्याचदा लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं, म्हणजे लिथियम बाटलीतच होतं. दुसऱ्या दिवशी लाल टोपणात रक्त घेतलं, ०.७ आलं. तेव्हापासून वहिनी टोपण बघितल्याशिवाय दादाची बाही वर करू देत नाही.

बाकीच्या औषधांना या पुस्तिकेत जागा कमी आहे, पण त्यांचं काम कमी नाही. उन्माद पेटलेला असताना लिथियमला जम बसवायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांच्यातलं काहीतरी लागतं, आणि झोपेसाठी थोडे दिवस वेगळी गोळी. ओलान्झापिननं वजन आणि साखर वाढते, त्यामुळे तराजू आणि शुगरची तपासणी हे उपचारातच धरावं. लॅमोट्रिजिन उदासीच्या फेऱ्यांना चांगलं, पण ते अगदी हळू चढवावं लागतं. घाईनं वाढवलं तर अंगावर येणारं पुरळ जिवावर बेतू शकतं.

व्हॅल्प्रोएटवर मात्र मला थांबलं पाहिजे. उन्मादावर ते चांगलं चालतं, लवकर चालतं, लिथियमसारखं सतत रक्त मोजावं लागत नाही, म्हणून ते भरपूर लिहून दिलं जातं. पण गर्भारपणात ते पोटात गेलं तर साधारण नऊ-दहा बाळांमागे एकाला जन्मजात व्यंग असतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांची पुढे वाढ आणि शिकणं मागे पडतं. पाठीच्या कण्याचा दोष पहिल्या महिन्यातच घडतो, बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या मुलीला हे औषध शक्यतो देऊ नये, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आमच्याकडे अडचण आणखी वेगळी. मुलीचं लग्न ठरवताना आजार लपवला जातो. सासरी गोळ्या न्यायच्या कशा, म्हणून लग्नाच्या आधी त्या बंद होतात. हळद, जागरण, गोंधळ, नवं घर, आणि रात्रीची झोप गेली की महिनाभरात मुलगी परत येते. गोळ्या लपवून चालू ठेवल्या तर त्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतात. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तर या आजारासाठी सगळ्यांत धोक्याचे. मुलीच्या आईबापांना हात जोडून सांगणं आहे, लग्नाच्या बोलणीआधी डॉक्टरांकडे जा आणि गर्भारपणात चालेल असं औषध आधीच बसवून घ्या. आणि जावयाला सांगा. ऐकून पळून जाणारा जावई आधीच पळालेला बरा.

उदासीचा एक सापळा आहे. बायपोलरमध्ये उदासीचे दिवस उन्मादाच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि पुष्कळदा पहिली फेरी उदासीचीच येते. मग नुसतं डिप्रेशन समजून उदासीवरच्या गोळ्या एकट्याच दिल्या जातात, आणि काही जण त्यांनी थेट उन्मादात जातात. पहिल्यांदाच कुणी आम्हांला विचारलं असतं की, दादाला न झोपता ताजंतवानं वाटलं, डोकं भरधाव सुटलं, पैसे उधळले असं कधी झालं होतं का, तर आमची दोन वर्षं वाचली असती. त्याला विचारून भागत नाही. त्याला ते दिवस छान आठवतात. हा प्रश्न घरच्यांना विचारावा लागतो.

आता झोपेविषयी. गोळी आणि झोप हे एकाच जोडीतले दोन बैल आहेत. हल्ली पालखीच्या दिवशी दादा दुपारभर पाणी वाटतो, सातला जेवतो आणि आमच्या रानातल्या वस्तीवर झोपायला जातो, जिथे स्पीकरचा आवाज पोचत नाही. सुरुवातीला त्याला हे फार लागलं. सारं गाव जागं आणि आपण तेवढे झोपायचं! आता पहाटे उठून तो दिंड्या निघायच्या आत रस्त्यावर असतो. हे काही सहज झालं नाही, तीन-चार आषाढ गेले त्यात.

देवऋषाकडे जाणाऱ्यांवर मी चिडत नाही. आम्हीही गेलो होतो, आणि अंगाऱ्यानं आईच्या जिवाला तेवढा एक दिवस थारा मिळाला होता. गुजरातेत मेहसाण्याजवळ उनावा इथे मीरा दातारच्या दर्ग्यातच मानसोपचाराची सोय केली गेली, दुवाही आणि दवाही. अंगारा लावा, नवस बोला. गोळी तेवढी थांबवू नका, आणि थांबवा असं जो सांगेल त्याच्याकडे परत जाऊ नका.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. बायपोलर असलेल्या दहांतले सात उपचाराबाहेर आहेत असं तिच्यात दिसलं. आमच्या गल्लीत काही वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. पूर्वी मानसोपचार म्हटला की येरवड्याचं मनोरुग्णालय हे एकच नाव इंदापूर-बारामतीच्या माणसाच्या तोंडी यायचं, आणि त्या नावाच्या धाकानं माणसं घरीच कोंडली जायची. आता बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेलीमानस या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं एक मोठा हक्क दिला आहे. माणूस बरा असतानाच लिहून ठेवू शकतो की पुढे आपण आजारी पडलो तर कुठले उपचार व्हावेत, कुठले नकोत, आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं. दादानं ते लिहिलं. आपल्या वतीनं बोलायला त्यानं माझं नाव घातलं नाही, वहिनीचं घातलं. मला ते योग्य वाटलं.

गोळी कायमची का, असं प्रत्येक जण विचारतो. काहींना खरंच कमी करता येते, काहींना बदलता येते. पण ते डॉक्टरांबरोबर ठरवून, हळूहळू, निदान महिनाभर आणि शक्यतो तीन महिने घेऊन करायचं असतं. लिथियम एकदम तोडलं तर उन्माद फार लवकर परततो. के रेडफील्ड जेमिसन या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्राध्यापक, याच आजारावर संशोधन करणाऱ्या, आणि स्वतः या आजाराच्या रुग्ण. त्यांनीसुद्धा लिथियम पुन्हा पुन्हा सोडलं आणि जिवावरच्या प्रसंगातून परत आल्या. १९९५ साली त्यांनी ते सगळं पुस्तकात लिहिलं. इतकं जाणणाऱ्या बाईला गोळी चालू ठेवणं एवढं जड गेलं, तर अंथुर्ण्याच्या शेतकऱ्याला आपण ‘बेफिकीर’ म्हणू नये. त्याच्या जवळ बसावं, गोळीनं त्याचं काय काय जातं ते विचारावं. दादा सांगतो, पूर्वी पाऊस पडून गेला की अंगात काहीतरी उसळायचं, ते आता उसळत नाही. ही तक्रार खोटी नाही. ती डॉक्टरांच्या कानावर घातली, डोस किंचित कमी झाला, आणि गेली सात वर्षं त्यानं एकही गोळी चुकवलेली नाही.

पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं ठेवलं आहे. त्यावर आपल्या हातानं लिहा: गोळीचं नाव आणि डोस, मागच्या तपासणीची तारीख आणि आकडा, पुढची तारीख, दुखलं-खुपलं तर कुठली गोळी चालते, आजार परतताना आपल्या माणसात दिसणारी पहिली खूण. दादाची खूण म्हणजे तो रेडिओचा आवाज वाढवतो. सगळ्यांत खाली एक ओळ आहे, ती रिकामी सोडू नका. रोज गोळी देणारं माणूस चार दिवस बाहेरगावी गेलं तर ती कोण देणार, त्याचं नाव तिथे लिहायचं आहे. आमच्या पानावर वहिनीच्या अक्षरात धाकट्या पोराचं नाव आहे, आणि पुढे कंसात तिनं लिहिलंय, रात्री नऊ, जेवण झाल्यावर.